मैदान कॉलेजात नव्हे, शाळेतच सुटते

कॉलेजातली मुले खेळत नाहीत, व्यायाम करत नाहीत, मोबाईलमध्ये डोके खुपसून बसतात, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. तक्रार खोटी नाही. पण सगळा दोष मुलांच्या आळसावर ढकलून आपण मोकळे होणे बरोबर नाही.

निपाणीचेच उदाहरण घ्या. इथली काही मुले अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात, म्हणजे शिवाजी विद्यापीठात शिकतात, तर काही बागेवाडी कॉलेजात, म्हणजे राणी चन्नम्मा विद्यापीठात. राज्य वेगळे, विद्यापीठ वेगळे. अडचणी मात्र त्याच. वेळ नाही, सोबत नाही, जागा नाही आणि लाज वाटते.

वेळेची अडचण खरी आहे. उचगाव, कडोली किंवा येळ्ळूरहून बेळगावला शिकायला येणाऱ्या मुलीला संध्याकाळी मैदानावर खेळ सुरू होतो त्याच वेळी बस गाठावी लागते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास मिळू लागला. तिकिटाचे पैसे वाचले, पण अंधार पडायच्या आत घरी पोहोचण्याची घाई तशीच राहिली. मुलांचे निराळेच. २००६-०७ साली सरकारने आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देणे सुरू केले, तेव्हा शाळेला जाता-येताच व्यायाम होत असे. कॉलेजात गेल्यावर सायकलीची लाज वाटू लागते आणि घरात मोटारसायकलीचा हट्ट सुरू होतो.

पण माझ्या मते सर्वांत मोठी अडचण कॉलेजात तयार होत नाही. ती शाळेतच तयार होते. शाळेत कबड्डीचा, खो-खोचा संघ निवडला जातो. दहा-बारा मुले खेळतात, बाकीची कडेला बसून टाळ्या वाजवतात. गणिताचा भाग राहिला की पहिला बळी पी.टी.च्या तासाचा. दहावीला मैदान जवळजवळ बंदच. पुढे पीयूसीची दोन वर्षे क्लास, सीईटी आणि नीट यांत जातात. मुलींना तर त्याआधीच घरातून ऐकावे लागते, "आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस." तीन-चार वर्षे न धावलेला मुलगा कॉलेजच्या मैदानावर येतो, तेव्हा तिथे संघातले तयार खेळाडू असतात. आपल्याला हसतील म्हणून तो पुन्हा कडेलाच बसतो.

आपल्या भागात खेळाडूंची वाण नाही. आनंदवाडीच्या आखाड्यातल्या कुस्त्यांना आजही गर्दी होते. तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या खेळात कांस्यपदक मिळवले. त्यांचा अभिमान हवाच. मात्र प्रश्न पदक मिळवणाऱ्यांचा नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. त्यात पुरुष ४२ टक्के, तर महिला ५७ टक्के होत्या. मधुमेह आणि हृदयविकार यांना इथूनच वाट मिळते.

निकालाचे काय, असे शिक्षक विचारतील. प्रश्न रास्त आहे. सीमाभागातल्या मराठी शाळांना पटसंख्या टिकवायची तर दहावीचा निकाल चांगला लागावाच लागतो. पण पी.टी.च्या आठवड्यातल्या दोन तासांनी निकाल घसरेल, ही भीती अवाजवी आहे. ताजेतवाने मूल अभ्यासातही जास्त वेळ टिकते.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, दहावीपर्यंत पी.टी.चा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये. दुसरी, शाळेचे मैदान रोज सकाळी एक तास माजी विद्यार्थ्यांनाही खुले ठेवावे आणि मुलींसाठी ठरावीक वेळ राखावी, म्हणजे जागा आणि सोबत दोन्ही मिळेल. तिसरी, संघात नसलेल्या प्रत्येक मुलाला एकट्याने जन्मभर करता येईल असे काहीतरी शिकवावे : धावणे, सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. त्यात भरभर चालणेही धरले जाते. सवय असेल तर बसची वाट पाहणाऱ्या मुलीलाही ते जमेल.

पालकांनीही प्रगतिपुस्तक पाहताना गुणांबरोबर एवढे विचारावे, "या आठवड्यात तू किती वेळा घाम गाळलास?" आणि नव्या वर्षाचे वेळापत्रक ठरेल तेव्हा विश्वस्त मंडळाने मैदानाचाही विचार करावा, ही विनंती.