‘धूळ टाळा’ म्हणे!

माझ्या पोटात आईची किडनी आहे. शरीराने ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात, त्याही जन्मभर. म्हणून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “धूळ, धूर, गर्दी टाळा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या महिन्यात केरसुणी माझ्या हातात होती.

पाचव्या महिन्यात बारीक ताप, कोरडा खोकला. “बाईमाणसाचं एवढंतेवढं चालायचंच!” जिना चढताना धाप लागली तेव्हा कुठे दवाखाना. न्यूमोसिस्टिस बुरशीचा न्यूमोनिया निघाला. तो टाळणारी को-ट्रायमॉक्साझोलची स्वस्त गोळी मला लिहून दिलेली होती. महागड्या गोळ्यांच्या बिलात “ही साधीच दिसते” म्हणून घरच्यांनी ती आणणं बंद केलं होतं.

मी वाचले. आणि ऐकलं काय? “तूच निष्काळजी!”

मैत्रिणींनो, निष्काळजी कोण? ॲस्परजिलस बुरशीचे कण धुळीत, बुरसटलेल्या धान्यात, बांधकामाच्या राड्यारोड्यात असतात. झाडणं कुणाकडे? धान्य निवडणं कुणाकडे? घरात कुणी खोकत असेल तर उशाशी कोण बसतं? आपल्याकडे टीबीचा धोका तर पाचवीला पुजलेला. त्यावरचं रिफाम्पिसिन घेतलं की किडनी टिकवणाऱ्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण घसरतं. म्हणजे फुप्फुस सांभाळताना किडनी धोक्यात. डॉक्टरांचा सल्ला खोटा नाही. पण तो पाळायची मुभा बाईला आहे का, हे कुणी विचारत नाही.

मुळात आमच्यापर्यंत अवयव पोचतातच किती? १९९५ ते २०२१ या काळात देशात नोंदलेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी फक्त ६,९४५ स्त्रियांची होती. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. द्यायला आई, बायको, बहीण. घ्यायची वेळ आली की हिशेब!

म्हणून आपण मागू या: घरी सोडताना नवऱ्याला, सासू-सासऱ्यांना समोर बसवून सांगा, हिने झाडायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. घरातल्या सगळ्यांची टीबीची तपासणी करा. प्रतिबंधाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट द्या. अशा बाईचा बारीक तापही त्याच दिवशी तपासा.

आईने मला किडनी दिली ती घर झाडायला नाही, जगायला.