मोटार जेव्हां अबोला धरते

गेल्या भाद्रपदांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. तो येथें सांगण्याचें कारण असें कीं, त्यांत मोटारीचा दोष थोडा आणि आमचा अधिक होता. वृद्ध मातोश्रींच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सकाळीं सात वाजतां व्हावयाची होती. सहाच्या सुमारास मंडळी अंगणांत जमली, मातोश्रींना हात धरून गाडींत बसविलें, वडील बंधूंनीं किल्ली फिरविली. आणि 'कट्' असा एक आवाज होऊन सर्व कांहीं शांत झालें. दोनदां, चारदां, दहादां तोच प्रकार. लगेच प्रश्न निघाला, "काल गाडी कोणी नेली होती?" नेली होती धाकट्या सूनबाईंनीं. "मग आंतला दिवा रात्रभर जळत राहिला असणार. उतरली बॅटरी!" असा निकालहि तेथल्या तेथें लागला. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. आम्हीहि बोललों नाहीं. रिक्षा मिळाली, मातोश्री वेळेवर पोहोंचल्या, शस्त्रक्रिया उत्तम झाली. परंतु घरीं परतल्यावर माजघरांत नेहमींचें हंसणें-बोलणें कांहीं ऐकूं येईना.

मोटार बिघडते तेव्हां मनुष्याचा हात आधीं किल्लीकडे आणि मग घरांतील कोणातरी माणसाकडे वळतो. दोन्हीहि निरुपयोगी. म्हणून अशा वेळीं काय पाहावें, याचा क्रम या महिन्यांत वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें.

इंजिन आपलें आपण हलत नाहीं. त्याला पहिली गति दुसऱ्यानें द्यावी लागते. पूर्वीं समोर लोखंडी दांडा घालून तें हातानें फिरवीत, आणि उलट फटका बसून मनगटें मोडत. १९१२ सालीं अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा सेल्फ कॅडिलॅक गाडींत बसविण्यांत आला, आणि हें काम बॅटरीकडे आलें. ही शिशाची व आम्लाची बॅटरी तर त्याहून जुनी. फ्रान्समधील गास्ताँ प्लान्ते यांनीं ती १८५९ सालीं शोधून काढली. तिच्यांत सहा घरें असतात व प्रत्येकाचा दाब दोन व्होल्टांहून किंचित् अधिक असतो. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खालीं आली तर ती जवळजवळ रिकामी समजावी. सेल्फला क्षणभर शंभर-दोनशें अँपियर प्रवाह लागतो, तर आंतल्या दिव्याला अर्धा अँपियरहि लागत नाहीं. तेव्हां दिवा लागला म्हणजे बॅटरी ठीक आहे असें नव्हे, हें प्रथम ध्यानांत ठेवावें.

प्रथम साध्या गोष्टी पाहाव्यात. क्लच पुरा दाबला आहे ना? आपोआप गिअर बदलणारी गाडी 'पी' किंवा 'एन' वर आहे ना? बटणाची गाडी असल्यास किल्लींतील नाण्याएवढा सेल संपला असेल; बहुतेक गाड्यांत ती किल्ली बटणाला टेकवून धरली कीं काम भागतें. इतकें झाल्यावर पुढचे मोठे दिवे लावावे, एकानें किल्ली फिरवावी व दुसऱ्यानें समोर उभें राहून दिव्यांकडे लक्ष द्यावें.

दिवे मुळींच लागले नाहींत, तर बॅटरी पार रिकामी आहे किंवा तार सुटली आहे. दिवे मंद लागले व 'टक् टक् टक्' असा भराभर आवाज आला, तर बॅटरी अशक्त झाली आहे. दिवे लख्ख लागले, पण किल्ली फिरवितांच एकदम विझले, तर बॅटरी व तार यांचा सांधा खराब आहे. दिवे लख्खच राहिले आणि एकच 'कट्' झालें, तर दोष सेल्फचा असण्याचा संभव फार. तें काम कारागिराचें. आणि इंजिन जोमानें फिरतें पण पेट घेत नाहीं, तर बॅटरी निर्दोष आहे. मग इंधनाचा कांटा पाहावा, किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकतो का तें पाहावें, आणि पावसाळ्यांत उंदरांनीं तारा कुरतडल्या आहेत का तेंहि पाहावें. दहा सेकंदांपेक्षां अधिक वेळ सेल्फ मारूं नये. मध्यें अर्धा मिनिट तरी थांबावें.

त्या दुपारीं हा प्रयोग सूनबाईंनींच सुचविला. "काका, एकदां दिवे लावून पाहूं या का?" एवढेंच त्या म्हणाल्या. दिवे लख्ख लागले. किल्ली फिरवितांच विझले. बॉनेट उघडून पाहतों तों बॅटरीच्या टोकावर पांढरीहिरवी पूड सांचलेली, आणि तारेची पकड बोटानें हलते आहे! मग हिशेबहि झाला. आंतला दिवा पांच वॅटचा. तो दहा तास जळला असता, तरी चाळीस अँपियर-तासांच्या बॅटरींतील सुमारें चारच खर्च झाले असते. तेवढ्यानें धडधाकट बॅटरी उतरत नाहीं. मोठे दिवे राहिले असते तर गोष्ट वेगळी. ते चार-पांच तासांत ती रिकामी करतात.

उपाय घरांतलाच होता. हातांतील बांगड्या-अंगठी उतरून, हातमोजे घालून, प्रथम काळी तार सोडविली, मग लाल. कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून त्यानें टोकें घांसलीं, पुसून कोरडीं केलीं. नंतर आधीं लाल व शेवटीं काळी तार घट्ट आवळली आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरविला. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली.

बॅटरी खरोखरच उतरली असेल, तर शेजाऱ्यांच्या गाडीचा आधार घ्यावा. गाड्या एकमेकींस टेकूं देऊं नयेत. लाल तार आपल्या बॅटरीच्या अधिक खुणेस, तिचें दुसरें टोक शेजारच्या अधिक खुणेस. काळी शेजारच्या उणे खुणेस, आणि तिचें शेवटचें टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर लावावें. बॅटरींतून ज्वालाग्राही वायु निघतो, म्हणून तेथें ठिणगी नको. ढकलून सुरू करण्याचा जुना उपाय हातानें गिअर बदलण्याच्या गाडीलाच लागू पडतो. बंद गॅरेजमध्यें इंजिन चालू ठेवूं नये; त्याच्या धुरांतील विषारी वायूला वासहि नसतो. आणि गाडी पाण्यांत बुडाली असेल, तर किल्लीला हातच लावूं नये. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तसा प्रसंग कोणत्याहि शहरावर येऊं शकतो. इंजिनांत शिरलेलें पाणी दाबलें जात नाहीं, त्यामुळें आंतील दांडेच वांकतात.

रात्रीं पानावर बसल्यावर वडील बंधू म्हणाले, "सूनबाई, सकाळीं मी उगाच बोललों." त्यांचें तें बोलणें मनापासून होतें, व तें तेथेंच मिटलें. आमचें मात्र अजून मिटलेलें नाहीं. कारण बोलणाऱ्यानें चूक कबूल केली, पण गप्प बसणाऱ्याकडे कोणी कबुली मागत नाहीं. ती आम्ही येथें देत आहों. घरांत कांहीं अडलें म्हणजे आधीं दोष शोधावा. दोषी शोधण्याची पाळी बहुधा येतच नाहीं.