राउटरच्या शिंगांना भुलू नका

आमच्या फ्लॅटवर गेल्या सेमिस्टरला एक ऐतिहासिक मीटिंग झाली. विषय एकच, नवा राउटर. निमित्त होतं एका रूममेटच्या ऑनलाइन इंटरव्ह्यूचं. ‘टेल मी अबाऊट युअरसेल्फ’ला ती छान सुरू झाली आणि तिसऱ्या वाक्याला स्क्रीनवर तोंड उघडं ठेवून फ्रीज झाली. परत जॉइन होईपर्यंत पॅनल पुढच्या कँडिडेटकडे गेलेलं. ती रात्री जेवली नाही. मग आम्ही चौघींनी ठरवलं, बस्स, आता चांगला राउटर घ्यायचाच.

मोबाइलवर शोध सुरू झाला. सहा अँटेना असलेला, काळ्या कोळ्यासारखा दिसणारा एक गेमिंग राउटर सगळ्यांना आवडला. किंमत सात हजारांच्या आसपास. म्हणजे प्रत्येकी साडेसतराशे. तिघी लगेच तयार. चौथी, परभणीची, गप्प. थोड्या वेळाने ती एवढंच म्हणाली, ‘‘अगं, तेवढ्यात माझा मेसचा अर्धा महिना निघतो. आधी वायर लावून बघायची का, नेमकं काय बिघडलंय ते?’’

खरं सांगते, तेव्हा मला तिचा रागच आला होता. इथे करिअरचा प्रश्न आहे आणि ही पैसे मोजतेय! पण तिचंच बरोबर होतं. म्हणून हा लेख.

आम्ही शेजारच्या दादाकडून लॅनची वायर मागून आणली. लॅपटॉप थेट राउटरला जोडला आणि स्पीड टेस्ट लावली. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा, वायरवर आले ९४. म्हणजे लाइन ठणठणीत. मग तोच लॅपटॉप आतल्या खोलीत, जिथे इंटरव्ह्यू झाला होता तिथे नेला. वायफायवर आले जेमतेम तीन, तेही खालीवर होत. म्हणजे आमचं नेट दारापर्यंत येत होतं आणि आतल्या खोलीत पोहोचेपर्यंत दमत होतं. कारण डोळ्यांसमोर होतं. डबा दाराजवळच्या चपलांच्या रॅकवर, त्याला चिकटून लोखंडी कपाट आणि पुढे दोन भिंती. तिथे सात हजारांचा राउटर आणून ठेवला असता, तर त्यानेही कपाटालाच वायफाय दिलं असतं.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. आपल्यासारख्या वन बीएचकेत दाटीने राहणाऱ्या पोरापोरींना बहुतेक वेळा महागड्या राउटरची गरज नसते. गरज असते ती खर्चाआधी अर्धा तास तपासण्याची. पण तपासायला कुणी सांगत नाही, कारण तपासण्यातून कुणाचाच माल खपत नाही.

बॉक्सवरच्या आकड्यांचंच बघा. ‘एसी १२००’ लिहिलं की वाटतं, वा, १२०० चा स्पीड! प्रत्यक्षात ती बेरीज असते. २.४ गिगाहर्ट्‌झ बँडचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्‌झचे ८६७, मिळून झाले साधारण १२००. तुमचा फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे ती बेरीज तुम्हाला कधीच मिळत नाही. आणि हे आकडे भिंती नसलेल्या आदर्श जगातले. त्यात काही स्वस्त मॉडेलना मागचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. नेट त्या पोर्टातूनच आत येणार, मग २०० चा प्लॅन घेऊन फायदा काय? म्हणून अँटेना मोजण्याऐवजी पाठीमागचे पोर्ट ‘गिगाबिट’ आहेत का, ते विचारा.

दोन बँडचा फरकही कळून घ्यायला हवा. २.४ गिगाहर्ट्‌झ लांब जातो, भिंती त्यातल्या त्यात पार करतो, पण त्यावर अख्ख्या सोसायटीची गर्दी असते. त्यात एकमेकांत न घुसणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शिवाय मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान आणि मोकळा, पण भिंत आली की लगेच गळपटतो. त्यामुळे राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, कपाटापासून लांब ठेवणं हा फुकटातला अपग्रेड आहे.

आमच्याकडे डबा हलवणं सोपं नव्हतं. फायबरची वायर ओढली किंवा मुडपली तर लाइनच जायची. घरमालक काकूंची ताकीद वेगळीच, ‘‘भिंतीला एक खिळा मारायचा नाही हं, बायांनो!’’ मग आम्ही तापकीर गल्ली गाठली. दहा मीटरची तयार कॅट ६ केबल घेतली. दुकानदार दादाने आपणहून सांगितलं, ‘‘ताई, स्वस्तातली नको, आत ॲल्युमिनियम असतं, वर नुसता तांब्याचा मुलामा. अस्सल तांब्याची घ्या.’’ साडेतीनशे रुपयांत काम झालं. चिकटवायच्या क्लिपा लावून केबल भिंतीच्या कडेकडेने आत नेली. माझ्या घरी माळ्यावर पडलेला जुना ड्युअल बँड राउटर आणला आणि तो ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला. (हा मोड नसेल तर डीएचसीपी बंद करायचं, त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवायचा आणि केबल लॅन पोर्टात लावायची.) आतल्या खोलीत ७० च्या वर स्पीड आला. प्रत्येकीच्या वाट्याला नव्वद रुपयेसुद्धा आले नाहीत.

लगेच कुणी म्हणेल, ‘रिपीटर घ्यायचा ना, प्लगला लावला की झालं!’ अडीनडीला ठीक आहे. पण स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर सिग्नल घेतो आणि त्याच रेडिओवर पुढे पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय जिथे रेंजच नाही तिथे तो लावला, तर तो काय रिपीट करणार? आणि मेश सिस्टीम दुमजली बंगल्याला शोभते, वन बीएचकेला नाही.

आता दुसरी बाजूही मांडते. सगळ्यांचं साडेतीनशेत भागेल असं नाही. सहा-सात जण राहत असाल, ३०० चा प्लॅन असेल, कुणी रात्रभर गेम खेळत असेल, तर नवा राउटर जरूर घ्या. ड्युअल बँड, गिगाबिट पोर्ट आणि फरक चार-पाचशेचाच असेल तर वायफाय ६. साधारण दीड ते अडीच हजारांत बऱ्यापैकी मॉडेल मिळतं. जुना घेताना मात्र रिसेट करून घ्या, पासवर्ड बदला आणि कंपनी अजून अपडेट देते का, ते बघा. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीचेच पासवर्ड तसेच राहिल्यामुळे. ‘ॲडमिन-ॲडमिन’ ठेवणाऱ्यांनी हे वाचून हसू नये.

आणि जिथे लाइट जाते, तिथे पहिला खर्च राउटरवर करूच नका. परभणीच्या मैत्रिणीच्या घरी नेट आहे, पण लाइट गेली की तेही जातं. तिथे हजार-दीड हजाराचा मिनी यूपीएस जास्त कामाचा. फक्त त्याचे व्होल्ट आणि अँपिअर आपल्या डब्याच्या अडॅप्टरशी जुळवून घ्या, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही पॉवर लागते हे विसरू नका.

शेवटचा मुद्दा कॉलेज आणि कंपन्यांसाठी. ऑनलाइन टेस्टच्या सूचनांमध्ये एक ओळ ठरलेली असते, ‘चांगल्या इंटरनेटची जबाबदारी विद्यार्थ्याची.’ चांगलं म्हणजे किती? एका व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुरतात, फक्त ते स्थिर हवेत. एवढं जरी स्पष्ट लिहिलं, तरी कुणी घाबरून घरच्यांकडे सात हजार मागणार नाही. आणि लाइन तुटली तर दहा मिनिटांनी पुन्हा बोलावण्याची सोयही हवी. नेट तुटणं म्हणजे तयारी नसणं, हे समीकरण ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनाच परवडतं.

रूममेटला पुढच्या महिन्यात दुसरा इंटरव्ह्यू आला. या वेळी लॅपटॉपला थेट वायर लावली होती. फ्रीज झाली नाही. नोकरी मिळाली की नाही? नाही मिळाली. पण यंदा ती जे बोलली ते पॅनलला ऐकू तरी गेलं. आणि नकार आला तो तिच्या उत्तरांना आला, लोखंडी कपाटामुळे नाही.

तेव्हा राउटर ‘कार्ट’मध्ये टाकण्याआधी कुणाकडून तरी एक वायर मागून आणा. आणि फ्लॅटवर वर्गणी काढताना जी गप्प बसते, तिला आधी बोलू द्या.