कापलेली पट्टी

नायगाव तालुक्यातल्या आमच्या आत्याच्या घरी देवळीत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गेल्या दिवाळीत तो मी अंथरुणावर ओतला. आतून निघाले ते गोळ्यांच्या पट्ट्यांचे तुकडे, कुठे दोन गोळ्या, कुठे तीन, कडा कात्रीने कापलेल्या. मागच्या चांदीच्या कागदावर नावाची शेपटी तेवढी उरलेली. एकावर 'नॅक', दुसऱ्यावर 'सोन', तिसऱ्यावर काहीच नाही. तारीख एकाही तुकड्यावर सापडली नाही.

आत्याचे पाय सुजले होते. नांदेडला दाखवलं तर रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, "दुखण्याच्या कोणत्या गोळ्या घेता?" आत्या म्हणाली, "एक लाल असती, एक पांढरी. मेडिकलवाला देतो." कधीपासून? तिनं महिने मोजले नाहीत, सुगी मोजल्या. तीन झाल्या होत्या.

मला तिचा राग आला नाही. सोयाबीन काढणीला आलं की दिवसभर वाकून काम. "गुडघे दुखायलेत म्हणून घरी बसलं तर रोज कोण देतंय?" हा तिचा प्रश्न. दवाखान्यात जायचं तर तो दिवसही बुडतो आणि गाडीभाडंही जातं. मेडिकल मात्र बाजाराच्या वाटेवरच असतं, "चार गोळ्या द्या अंगदुखीच्या" एवढं म्हटलं की काम होतं. आमच्या भागात कित्येकांचा पहिला डॉक्टर म्हणजे ते काउंटरच आहे, आणि ते बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण त्या काउंटरवरून काय मिळावं, याचा कायदा आहे. 1945 च्या औषध नियमांत शेड्यूल एच, एच-वन आणि एक्स अशा याद्या आहेत, त्यांतली औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. 'नॅक'वाली ती गोळी डायक्लोफेनॅक असेल, आणि पोटात घ्यायची डायक्लोफेनॅक शेड्यूल एचमध्ये आहे. तापाच्या मोसमात सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲन्टिबायोटिक गोळ्याही याच याद्यांत येतात. एच-वनची औषधं विकताना तर रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. 'सोन'वालीचं मला जास्त भय वाटतं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही स्टेरॉइडची नावं तशीच संपतात. स्टेरॉइडने दुखणं दोन दिवसांत पळतं, म्हणून तर माणूस पुन्हा तीच गोळी मागतो.

डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या आवळतात. धडधाकट माणसाला एखाद-दुसऱ्या दिवशी ते निभतं. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन रोज घेतली तर मूत्रपिंडावर दुहेरी मार बसतो. हे आत्याला तीन सुगींत कुणीच सांगितलं नव्हतं. पट्टीवर लाल चौकटीत इशारा असतो, पण तो इंग्रजीत.

चिठ्ठीशिवाय चालणाऱ्या औषधांची, ज्यांना ओव्हर द काउंटर म्हणतात त्यांची, वेगळी व्याख्या मात्र आपल्या कायद्यात नाही. जे याद्यांत नाही ते खुलं, एवढंच. 2022 मध्ये केंद्राने सोळा औषधं चिठ्ठीशिवाय विकू देण्याचा मसुदा काढला होता. त्यात पाचशे मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल होती, कॅलामाइन होतं, डायक्लोफेनॅकचं मलम होतं, गोळी नव्हती. पाच दिवसांत बरं वाटलं नाही तर डॉक्टर गाठा, अशी अटही होती. मला ती अट फार शहाणपणाची वाटली. ब्रिटनमध्ये 1998 पासून साध्या दुकानात पॅरासिटामॉलच्या सोळाच गोळ्यांचं पाकीट मिळतं. आपल्याकडे पाकीटच मोडून दोन-दोन गोळ्या निघतात, आणि मर्यादा कुणाला कळत नाही.

महाराष्ट्रात हे सगळं जागेवर आणायचा प्रयत्न झाला आहे. 2011 नंतर महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट हजर हवा, चिठ्ठी हवी, बिल हवं, असा आग्रह धरला गेला. औषध विक्रेत्यांनी विरोधात बंद पुकारला. भिंतीवर फ्रेममध्ये प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरवर माणूस दुसराच, हे चित्र आजही दिसतं.

मोठ्या तीनशे ब्रँडच्या वेष्टनावर ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोड आला आहे. चांगलं झालं. पण कात्रीने कापलेल्या तुकड्यावर तो कोड येणार कुठून? मला वाटतं, प्रत्येक गोळीच्या मागे नाव आणि तारीख छापायला लावली, आणि तेही मराठीत, तर उद्या कुणाचंही घर डबा उघडून वाचू शकेल.

आत्या आता पथ्यावर आहे, सूज उतरलीय. परवा मी तिला म्हटलं, गरज पडली तर पॅरासिटामॉलची अख्खी पट्टी घे, कापू देऊ नको, बिल माग. ती थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"अख्खी घेतली तर पैशेबी अख्खे लागतेत की रे," ती म्हणाली. "चार गोळ्यांचेच असले तवा?"