फावल्या वेळात : घरची आकाशवाणी

मंडळी, गेल्या अंकात आम्ही कुंडीतल्या कढीपत्त्यावर लिहिलं. त्यावर बऱ्याच जणांनी कळवलं की छंद छान आहे, पण आमच्याकडे चार महिने बर्फ असतो, त्याचं काय? म्हणून या वेळी भर हिवाळ्यात, घरात बसून करता येईल असा छंद निवडला आहे : हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओ. या हॅमचा सँडविचमधल्या हॅमशी काही संबंध नाही, हे शाकाहारी वाचकांसाठी आधीच सांगून टाकतो.

हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या सेटवरून, स्वतःच्या तारेवरून इतर परवानाधारकांशी बोलणे. मध्ये टेलिफोन कंपनी लागत नाही, इंटरनेट लागत नाही. धंद्यासाठी वापर करायचा नाही, ही मुख्य अट. प्रत्येकाला सरकारकडून एक खूण मिळते, तिला कॉल साइन म्हणतात. अमेरिकेतल्या खुणा के, डब्ल्यू, एन किंवा ए या अक्षरांनी सुरू होतात, भारतातल्या हौशींच्या बहुधा व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने. राजीव गांधींची खूण होती व्हीयू२आरजी. अंतराळवीर सुनीता विल्यम्स यांची केडी५पीएलबी.

आता तुम्ही विचाराल, व्हॉट्सॲपवर पुण्याला फुकटात, तेही तोंड बघत बोलता येतं, मग हा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे. आम्हीही हेच म्हणत होतो, २०१२ च्या ऑक्टोबरपर्यंत.

त्या महिन्याच्या अखेरीस सँडी वादळ आमच्या न्यू जर्सीवर येऊन आदळलं. वादळाच्या तडाख्यातल्या दहा राज्यांमध्ये मिळून मोबाइलचे सुमारे पंचवीस टक्के मनोरे बंद पडल्याचं तेव्हा एफसीसीने सांगितलं होतं. आमच्या घरातली वीज गेली, मग फोन गेले. तिकडे पुण्यात आईबाबा टीव्हीवर पाण्यात बुडालेले रस्ते बघत बसलेले. आम्ही सुखरूप होतो, पण ते सांगायचं कसं? आमच्या गल्लीच्या टोकाला एक वयस्कर गृहस्थ राहतात. त्यांच्या ओकच्या झाडावरून घरापर्यंत एक तार जाते, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव ‘तारवाले’. सहा वर्षांत हात हलवण्यापलीकडे ओळख नव्हती. दुसऱ्या दिवशी ते स्वतः दार ठोठावत आले. कोणाला निरोप द्यायचाय का, म्हणाले. त्यांचा सेट गाडीच्या बॅटरीवर चालू होता. ओहायोतल्या आमच्या मेव्हण्यांचा नंबर आणि वीसेक शब्दांचा मजकूर त्यांनी लिहून घेतला. एका हौशीने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत तो निरोप ओहायोत पोचला, आणि तिथून मेव्हण्यांनी पुण्याला फोन लावला. आई त्या रात्री जेवली.

पुढच्या वसंतात आम्ही दोघांनी परीक्षा दिली. आमच्यापैकी एकाने इंजिनियरिंग करून इथे एम.एस. केलेलं, दुसरी बँकेतली. मार्क बँकवालीला जास्त पडले. तेव्हा ‘आम्हाला त्यातलं काही कळत नाही’ ही सबब चालणार नाही.

सुरुवात कशी करावी, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली पायरी, ऐकणे. नुसतं ऐकायला परवाना लागत नाही. पंचवीस-तीस डॉलरच्या हातातल्या सेटवरही गावातले हौशी ऐकू येतात. मुलं असतील तर त्यांना १४५.८०० मेगाहर्ट्झ लावून द्या. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जात असताना अंतराळवीर कधीकधी शाळेतल्या मुलांशी बोलतात, ते याच ठिकाणी ऐकू येतं. त्या सेटचं बोलायचं बटण मात्र परवाना हाती येईपर्यंत दाबू नये.

दुसरी पायरी, परीक्षा. पहिल्या परवान्याचं नाव टेक्निशियन. पस्तीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, सव्वीस बरोबर आले की पास. सगळे प्रश्न उत्तरांसकट आधीच जाहीर केलेले असतात. दहावीला एकवीस अपेक्षित प्रश्नसंच पाठ केलेल्या आपल्या पिढीला यात नवीन ते काय! मोर्सची कट्‌ कड्‌ शिकण्याची सक्ती २००७ पासून पूर्ण गेली. परीक्षा घेणारे स्वयंसेवक असतात. काही गट फुकट घेतात, काही पंधराएक डॉलर आकारतात. परीक्षा घरबसल्या संगणकावरही देता येते. त्याआधी एफसीसीकडे नाव नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो, आणि पास झाल्यावर पस्तीस डॉलर सरकारी फी भरावी लागते. परवाना दहा वर्षांचा.

आपल्या मंडळींना सहसा माहीत नसलेल्या दोन गोष्टी. एक, यासाठी अमेरिकन नागरिक असावं लागत नाही. परक्या सरकारचा प्रतिनिधी नसलात आणि इथला टपालाचा पत्ता असला की झालं, मग व्हिसा कुठलाही असो. वयाचीही अट नाही. दोन, तुमचं नाव आणि पत्ता सरकारी यादीत कोणालाही दिसतो. ते नको असेल तर अर्जात पोस्टातल्या बॉक्सचा पत्ता द्यावा.

तिसरी पायरी, रिपीटर. हातातल्या सेटचा आवाज दोन-चार मैलांपलीकडे जात नाही. म्हणून हौशी क्लब डोंगरावर किंवा उंच इमारतीवर रिपीटर बसवतात. तो तुमचा क्षीण आवाज ऐकून त्याच क्षणी मोठ्याने परत सोडतो. बहुतेक क्लब आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी हजेरी घेतात, तिला ‘नेट’ म्हणतात. आपली खूण सांगायची, नाव सांगायचं, हवामान कसं आहे ते सांगायचं. नाव सांगताना अक्षर न्‌ अक्षर फोडून सांगतात, ‘व्ही’साठी व्हिक्टर, ‘एस’साठी सिएरा. बँकेपासून पिझ्झावाल्यापर्यंत सगळ्यांना फोनवर आडनावाचं स्पेलिंग सांगत आपली हयात गेली, त्यामुळे इथे आपला हात कोणी धरू शकत नाही.

हवेवर मराठीत बोललेलं चालतं का? चालतं. खूण तेवढी दर दहा मिनिटांनी आणि शेवटी इंग्रजीत सांगायची. मात्र ऐकणाऱ्यांना मज्जाव नाही, तेव्हा मंडळाच्या निवडणुकीचं राजकारण तिथे नको. आणि डब्याच्या ऑर्डरीही नकोत, धंद्याचं बोलणं नियमात बसत नाही.

आता भारताचं. तिथवर पोचायचं तर लघुलहरी हव्यात. टेक्निशियनला तिथे बोलायला फारशी मुभा नसते. पुढची जनरलची परीक्षा दिली की १४ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला होतो. त्याला साधी तार पुरते : साडेसोळा फुटांचे दोन तुकडे, मधोमध केबल. झाडावर बांधा, किंवा सोसायटीचे नियम आड आले तर माळ्यावर पसरा. विजेच्या तारांच्या जवळपास मात्र कधीही नाही. लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परत फिरतात आणि तो थर सूर्याच्या लहरीवर अवलंबून. सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात कधी रोज भारत ऐकू येतो, कधी महिनोन्‌महिने नुसती खरखर.

पण आईबाबांना तिकडे कोणा हौशीच्या घरी बसवून गप्पा मारू, असा बेत असेल तर थांबा. परवाना नसलेल्या माणसाचं बोलणं पोचवायला दोन देशांत करार लागतो. अमेरिकेचा तसा करार भारताशी नाही. इथे राहायला आलेल्या आजी-आजोबांना मात्र तुम्ही शेजारी बसून इथल्याच रिपीटरवर खुशाल बोलू द्या. आणि भारतात जाताना तिथल्या सरकारची परवानगी काढल्याशिवाय बॅगेत सेट टाकू नका.

एकूण काय, या नादाला माणूस लागतो तो दूरच्यासाठी. मुंबईचा आवाज ऐकू यावा म्हणून आम्हीही झाडावर तार चढवली, आणि एकदा ऐकू आला तेव्हा अंगावर काटाही आला. पण आज हिशोब मांडला तर हाती लागलं आहे ते जवळचं. दहा मैलांच्या परिसरातली तीसेक माणसं आम्हाला आवाजावरून ओळखतात, आणि आठवड्याच्या हजेरीला आमची खूण आली नाही तर फोन करून चौकशी करतात. दूरच्यांशी बोलायची सोय आता सगळ्यांकडे आहे. वीज गेल्यावर दार ठोठावणारं कोणी आपल्याकडे आहे का, आणि आपण कोणाचं दार ठोठावू का, हा प्रश्न राहतोच. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनाचा डोंगराळ भाग तोडला, तेव्हा माउंट मिचेलवरच्या रिपीटरवर शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांचे निरोप पोचवले.

आमची कन्या आता तेरा वर्षांची आहे आणि तिलाही खूण मिळाली आहे. ‘तारवाले’ आजोबांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून नेटवरची बातमी ती त्यांना घरी जाऊन सांगते.

तुमच्या गावात क्लब कुठे आहे ते शोधा, एकदा जाऊन बसा. पुढच्या अंकात घरी दह्याचं विरजण टिकवण्याबद्दल. तोवर हौशींच्या भाषेत निरोप घेतो : ७३, म्हणजे लोभ असावा.