रबर, डिकी आणि तापाची गोळी

ताईच्या डिलिव्हरीला न्यू जर्सीला गेलेल्या आईचा पहिलाच फोन आला तो तक्रारीचा. "अगं, मी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि इथे दुकानात साधं रबर मागितलं तर तो मुलगा खुळ्यासारखा बघत बसला!" तिकडे खोडरबराला इरेझर म्हणतात. आणि रबर म्हणजे काय, ते ताईने तिला सांगितलं की नाही, हे मी विचारलं नाही.

आपलं इंग्रजी पडलं साहेबाचं. आपली टॉर्च तिकडे फ्लॅशलाइट, लिफ्ट म्हणजे एलिव्हेटर, पेट्रोल म्हणजे गॅस. आपला तळमजला हा त्यांचा फर्स्ट फ्लोअर. त्यामुळे 'सेकंड फ्लोअर'वरच्या क्लिनिकसाठी आई जिन्याने दोन मजले चढली आणि भलतीकडेच पोचली. हिंजवडीत ज्यांनी यूएस प्रोसेसमध्ये नाइट शिफ्ट काढल्यात, त्यांना यात नवीन काहीच वाटणार नाही. कॅनडावाले त्यातल्या त्यात आपल्यासारखे. गॅस म्हणतील, पण शेवटचं अक्षर 'झेड'च आणि 'कलर'मध्ये 'यू' हवाच.

गंमत म्हणजे काही शब्दांत आपण साहेबापेक्षाही जास्त साहेब आहोत. गाडीची डिकी घ्या. अमेरिकेत ती ट्रंक आणि इंग्लंडमध्ये बूट. मग डिकी कुठून आली? जुन्या मोटारींच्या मागे उघडणारी जादा सीट असायची, तिला इंग्लंडात डिकी सीट म्हणत. ती सीट गेली, आपल्याकडे नाव राहिलं. स्टेपनीचंही तेच. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे, तिथे 1904 मध्ये हे जादा चाक निघालं. आज लंडनमध्ये कुणाकडे स्टेपनी मागून बघा!

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. तिसऱ्या आठवड्यात आईला ताप आला.

"जावईबापूंनी इथली गोळी आणून दिली," ती फोनवर सांगत होती. "त्याने काही उतरला नाही, म्हणून मधे मधे माझी पुण्याहून आणलेली क्रोसिन घेतेय. दोन्ही वेगळ्या आहेत, मी नाव वाचलंय." मी म्हटलं, अमेरिकेतल्या डबीवरचं नाव मला वाच. तिने अडखळत वाचलं, "अ‍ॅसिटअमिनोफेन."

मी नेटवर शोधलं आणि पोटात गोळाच आला. अ‍ॅसिटअमिनोफेन म्हणजेच पॅरासिटामॉल. औषध एकच, पॅरा-अ‍ॅसिटिलअमिनोफेनॉल. या लांबलचक नावातली काही अक्षरं इंग्लंडने उचलली, काही अमेरिकेने, आणि एकाच गोळीची दोन नावं झाली.

मग हिशेब मांडला. रात्री तिकडच्या दोन, पहाटे आपली एक, सकाळी पुन्हा दोन, दुपारी एक. सगळ्या 500 मिलिग्रॅमच्या, म्हणजे 3000 झालेच. संध्याकाळच्या दोन आणि रात्रीची एक तिने टेबलावर काढूनच ठेवली होती. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा 4000 मिलिग्रॅमची, आणि त्यापुढे गेलं की मार बसतो तो लिव्हरला. साधी घरगुती वाटणारी ही गोळी अमेरिकेत अचानक लिव्हर निकामी होण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. तिथल्या बऱ्याच सर्दी-खोकल्याच्या औषधांतही ती मिसळलेली असते, ते वेगळंच.

मी फोनवर ओरडलेच. ताईने तिच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी त्या दिवसाचे पुढचे डोस बंद करायला लावले. आईला काही झालं नाही. मला मात्र रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या दम्याच्या पंपाचंही नाव शोधून ठेवलं, कारण पुढच्या महिन्यात तेही जाणार आहेत. आपल्याकडचं सालब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल होतं. तुमचेही आई-बाबा बाळंतपणाला किंवा नातवंडं सांभाळायला निघाले असतील, तर लाडू-मेतकुटाच्या बॅगेत औषधांच्या दोन्हीकडच्या नावांची चिठ्ठी टाकाच. ब्रँडचं नाव नको, आतल्या औषधाचं.

आईने आता दोन्ही पाकिटांवर स्केचपेनने ठळक मराठीत एकच लिहिलंय, 'तापाची'. रबरालाही ती इरेझर म्हणायला लागलीय. डिकीला मात्र अजून डिकीच म्हणते. जावईबापू निमूटपणे उघडतात.