आज्ञावलीची बांधणी आणि सरकारी निविदा

शासकीय कार्यालयासाठी सॉफ्टवेअर घेताना निविदेत जवळजवळ सर्व काही लिहिलेले असते : संगणकांची संख्या, देखभालीची वर्षे, बयाणा रक्कम, दंडाची टक्केवारी. एक गोष्ट मात्र क्वचितच सापडते. ही आज्ञावली कोणत्या साधनांनी बांधली जाणार, आणि उद्या संगणक बदलले तर ती पुन्हा कोण बांधणार? हा प्रश्न तांत्रिक म्हणून बाजूला सारला जातो. माझ्या मते तो खर्चाचा व प्रशासनाचा प्रश्न आहे, म्हणून अर्थशास्त्राचा विद्यार्थी असलेला माझ्यासारखा माणूस त्यात तोंड घालतो आहे.

माणसाने लिहिलेली मूळ आज्ञावली प्रोसेसरला कळत नाही. ती सी किंवा सी++ मध्ये लिहिली तर कंपायलर तिचे त्या विशिष्ट प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करतो. हा नेटिव्ह कोड. तो वेगवान खरा, पण विंडोजसाठी बांधलेला लिनक्सवर चालत नाही आणि इंटेलसाठी बांधलेला एआरएमवर चालत नाही. १९९५ साली आलेल्या जावाने या अडचणीवर एक मध्यस्थ नेमला : एकदाच लिहा, कुठेही चालवा. अलीकडे मध्यस्थाचे काम बहुधा ब्राउझर करतो. इलेक्ट्रॉन पद्धतीच्या प्रत्येक अ‍ॅपबरोबर तर क्रोमियम ब्राउझरची अख्खी प्रत येते. जावा मंद आहे ही जुनी तक्रार आज बरीचशी निराधार आहे, कारण चालता चालता ती स्वतःच नेटिव्ह कोड तयार करते. तरीही मध्यस्थाची दलाली कोठेतरी द्यावी लागतेच, कधी मेमरीच्या रूपाने तर कधी सुरू होण्यास लागणाऱ्या वेळाच्या रूपाने.

ही दलाली देतो कोण? प्रोग्रामरचे श्रम वाचतात ते पुरवठादाराचे. मेमरी आणि वेळ खर्ची पडतो तो कार्यालयाचा. समजा, खिडकीवरील लिपिकाच्या संगणकाचा पडदा दिवसातून ४०० वेळा बदलतो आणि दर वेळी ४ सेकंद अधिक लागतात. दिवसाची जवळजवळ २७ मिनिटे गेली. रांगेतल्या माणसांची मिनिटे त्यात धरलेली नाहीत. न्यूनतम दराच्या तक्त्यात या रकमेसाठी रकानाच नाही.

मी राहतो त्या चेन्नईत हा विषय दूरचा नाही. भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, म्हणजे ‘बॉस’, ही डेबियनवर आधारलेली लिनक्स प्रणाली सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात तयार झाली व २००७ साली बाहेर आली. तमिळनाडू शासनाने २०११ पासून विद्यार्थ्यांना जे मोफत लॅपटॉप दिले, त्यांत विंडोजच्या जोडीला बॉसही घातलेली होती. म्हणजे पर्याय घरचाच होता. पण पर्यायी प्रणाली असणे आणि आपली आज्ञावली तिच्यावर चालणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका कार्यालयात (नावाचे प्रयोजन नाही) विंडोजवरून बॉसवर जाण्याचे ठरले. आज्ञावली जावामधली, त्यामुळे सारे निर्धास्त. अडले ते डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनपाशी. टोकनशी बोलणारा इवलासा भाग नेटिव्ह होता, केवळ विंडोजसाठी बांधलेला, आणि त्याची मूळ आज्ञावली पुरवठादाराने दिलेलीच नव्हती. उरलेल्या भागाची मूळ आज्ञावली करारानुसार सीडीवर मिळाली होती व कपाटात कुलूपबंद होती. परंतु ती बांधायची कशी, कोणत्या लायब्ररी घ्यायच्या, कंपायलरची आवृत्ती कोणती, याचा कागद कोठेही नव्हता. पुरणपोळीचे साहित्य मोजून द्यावे आणि पुरण कसे शिजवावे हे सांगूच नये, तशातली गत. ज्याच्या संगणकावर बांधणी होत असे तो अभियंता केव्हाच नोकरी सोडून गेला होता. २०१५ साली भारत सरकारने मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले, ते योग्यच झाले. पण बांधणीच्या कृतीविना मूळ आज्ञावली म्हणजे कपाटातील त्या सीडीसारखीच.

कृती लिहिण्याची साधने नवी नाहीत. ‘मेक’ १९७६ साली बेल लॅब्जमध्ये तयार झाले. आजचे ‘सीमेक’ एकाच कृतीवरून विंडोज आणि लिनक्स दोहोंसाठी बांधणी करू देते. नेटिव्ह कोड म्हणजे एकाच प्रणालीशी बांधीलकी, हा समजही यामुळेच चुकीचा ठरतो. महाराष्ट्राबाहेर, कदाचित देशाबाहेर, आपण फोनवर ‘दऱ्या’ हा शब्द वाचता तेव्हा त्यातील र चा तो मराठी आकार योग्य जागी बसविण्याचे काम बहुधा ‘हार्फबझ’ ही सी++ मधील लायब्ररी करीत असते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सर्वांत तीच आहे. मूळ आज्ञावली एक, बांधणी प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र.

प्रश्न पुढे अधिक निकडीचा होणार आहे. आयआयटी मद्रासने रिस्क-फाइव्ह पद्धतीवर ‘शक्ती’ प्रोसेसर घडविला. २०१८ मध्ये त्याची चिप आधी अमेरिकेत इंटेलकडे आणि मग चंदीगडच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तयार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनने आपल्या १३व्या आवृत्तीत रिस्क-फाइव्हला प्रथमच अधिकृत स्थान दिले. उद्या असे संगणक कार्यालयात आले, तर इंटेलसाठी बांधलेल्या आणि मूळ आज्ञावली हरवलेल्या फायली तेथे निरुपयोगी ठरतील.

तेव्हा सगळेच नेटिव्ह लिहा असा माझा आग्रह नाही. तो उधळपट्टीचा मार्ग होय. जड काम करणारा थोडा भाग नेटिव्ह असावा, बाकीचा पुरवठादाराने सोयीच्या भाषेत लिहावा. अट एवढीच की सर्व मूळ आज्ञावली व बांधणीची कृती कार्यालयाच्या ताब्यात यावी आणि कोऱ्या संगणकावर, निदान दोन वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी, बांधणी करून दाखविली जावी. दर वाढेल असे पुरवठादार म्हणतील. वाढेलच, पण तो खर्च आज आपण करतोच आहोत, फक्त तो निविदेच्या तक्त्यात उमटत नाही. ही बांधणी स्वीकृती-चाचणीच्या दिवशी, पुरवठादाराचा अभियंता खोलीत नसताना, कार्यालयातील कर्मचाऱ्याने लेखी कृती वाचून करावी आणि शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा.